शारदा सदनातून मुली काढून नेल्या तेव्हा

 

आपल्या पाटोद्याच्या भागात लेकीला शिकायला बाहेर ठेवायचं म्हटलं की घरात काय काय बोललं जातं, हे मी तुम्हाला सांगायला नको. मार्काचा, फीचा विषय निघतो, पण तो शेवटी. आधी विचारतात, "तिथं मुली कशा राहतात? चालवणारे लोक कसे आहेत? कुणी ओळखीचं आहे का?" पोर बारावीला कितीही चांगली पास झालेली असो, या तीन प्रश्नांची उत्तरं मनासारखी मिळाली नाहीत तर बॅग भरली जात नाही. आणि मिळाली, मुलगी गेली, आणि दिवाळीनंतर त्या वसतिगृहाबद्दल एक जरी वावडं कानावर आलं, तर दुसऱ्या दिवशी बापाची मोटारसायकल दारात उभी. खरं काय, खोटं काय, हे नंतर. आधी पोर घरी.

ही रीत आजची नाही. सव्वाशे वर्षांपूर्वी पुण्यात असंच एकदा फार मोठ्या प्रमाणावर घडलं. त्या संस्थेचं नाव शारदा सदन आणि ती काढणाऱ्या बाईचं नाव पंडिता रमाबाई.

रमाबाईंची गोष्ट थोडक्यात सांगते. १८५८ सालचा जन्म. वडील अनंतशास्त्री डोंगरे संस्कृतचे विद्वान. त्यांनी आपल्या बायकोला, लक्ष्मीबाईंना, संस्कृत शिकवलं, म्हणून लोकांचा रोष ओढवून घेतला. आईनं लेकीला शिकवलं. हे कुटुंब तीर्थाच्या गावांना पायी फिरत, पुराण सांगत जगलं. १८७० नंतरच्या दुष्काळात आई, वडील आणि बहीण गेली. भाऊ-बहीण दोघंच उरली. चालत चालत कलकत्त्याला पोचली. तिथल्या पंडितांनी या विशीतल्या मुलीचं संस्कृत ऐकलं आणि तिला 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या दिल्या. नंतर भाऊही गेला. तिनं बंगालमधल्या बिपिनबिहारी दास यांच्याशी लग्न केलं, जातीबाहेर. दोन वर्षांच्या आत नवरा वारला. पदरात मनोरमा नावाची तान्ही मुलगी. १८८२ साली ती पुण्याला आली, आर्य महिला समाज काढला, 'स्त्री धर्म नीति' हे पुस्तक लिहिलं. १८८३ ला इंग्लंडला गेली आणि तिथं तिनं ख्रिस्ती धर्म घेतला.

हे शेवटचं वाक्य लक्षात ठेवा, पुढचं सगळं त्याच्याभोवती फिरतं.

१८८६ साली आनंदीबाई जोशींना अमेरिकेत डॉक्टरची पदवी मिळाली, त्या समारंभाला रमाबाई गेल्या. मग तिथं राहून गावोगाव भाषणं दिली. आपल्या देशातल्या बालविधवांचं जिणं सांगणारं इंग्रजी पुस्तक लिहिलं. बॉस्टन शहरात लोकांनी रमाबाई असोसिएशन नावाची मंडळी उभी केली आणि दहा वर्षं पैसा पुरवायचं कबूल केलं. तो पैसा घेऊन रमाबाई परतल्या आणि ११ मार्च १८८९ रोजी मुंबईला शारदा सदन सुरू झालं. उद्घाटनाच्या सभेत अध्यक्षस्थानी होत्या लेखिका काशीबाई कानिटकर. त्या काळात सभेची अध्यक्ष बाई, हीच केवढी गोष्ट!

शाळा तर निघाली. मुली कुठून आणायच्या?

इथं जरा थांबू या, कारण खरं काम इथंच आहे. दहा-बारा वर्षांची विधवा, डोक्यावर केस नाहीत, अंगावर लाल आलवण, दिवसभर स्वयंपाकघर आणि धुणी. तिला शिकायला पाठवायला कोण तयार होणार? तिनं स्वतः येतो म्हणायचा प्रश्नच नव्हता. सासऱ्यानं, बापानं नाहीतर भावानं ठरवायचं. वर्तमानपत्रात जाहिरात देऊन असं कुणी मुलगी पाठवत नाही. एखाद्या घरातल्या शिकलेल्या भावाला वाटायला हवं, त्यानं दुसऱ्या ओळखीच्याला विचारायला हवं, आणि त्या ओळखीच्यानं "रानडे त्यात आहेत, भांडारकर आहेत, काळजी करू नका," असं म्हणायला हवं. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे आणि डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांची नावं सदनाच्या सल्लागार मंडळींत होती. त्यांच्या नावावर मुली आल्या, असं म्हणायला हरकत नाही. अमेरिकेच्या पैशानं भाडं दिलं जाई, पण दार उघडलं ते या नावांनी.

सुरुवातीला दोनच विद्यार्थिनी होत्या. त्यातली विधवा म्हणजे गोदूबाई. कोकणातली. लहानपणी लग्न झालं आणि काही महिन्यांतच नवरा गेला. पुढची कितीतरी वर्षं तिनं सासरी राबण्यात काढली. तिचा भाऊ नरहरपंत जोशी मुंबईत शिकत होता. त्यानं तिला आणलं आणि सदनात घातलं. वीस वर्षं ओलांडलेली बाई मुळाक्षरं गिरवायला बसली. या भावाचा एक जवळचा मित्र होता, गणित शिकवणारा. त्याचं नाव धोंडो केशव कर्वे. त्यांच्याकडे पुढं येऊ.

आता सदनातले नियम. धर्म शिकवायचा नाही, हे बॉस्टनच्या मंडळींनीच ठरवून दिलेलं होतं. मुलींनी आपापला आचार पाळावा. स्वयंपाक ब्राह्मणाच्या हातचा, सोवळं-ओवळं ज्याचं त्यानं पाळावं. कागदावर सगळं नीट होतं. पण "धर्मात ढवळाढवळ नाही" या शब्दांचा अर्थ तीन ठिकाणी तीन होता. बॉस्टनवाल्यांना वाटे, शाळेत बायबल शिकवलं नाही म्हणजे झालं. पुण्याच्या सुधारकांना वाटे, मुलीच्या कानावर ख्रिस्ताचं नावच पडू नये याची काळजी घेतली जाईल. आणि रमाबाईंचं म्हणणं होतं, मी वर्गात काही शिकवणार नाही, पण माझ्या स्वतःच्या खोलीत मी प्रार्थना करीन आणि त्या खोलीचं दार बंद करणार नाही.

ते दार उघडं राहिलं. मुली आत येऊन बसू लागल्या. का नाही येणार? त्यांना मायेनं जवळ घेणारी, केसांवरून हात फिरवणारी बहुधा ती पहिलीच मोठी बाई होती. ती डोळे मिटून बसली की पोरीही बसत.

उद्घाटनाला वर्षही झालं नव्हतं, तोच अमेरिकेतल्या एका ख्रिस्ती साप्ताहिकात मजकूर आला की सदनातल्या काही विधवांचा ओढा ख्रिस्ती धर्माकडे आहे. तिकडच्या लोकांना आनंद व्हावा म्हणून छापलेली ती बातमी. पण ती समुद्र ओलांडून पुण्याला आली आणि टिळकांच्या पत्रांच्या हाती पडली. तिथून कुजबूज सुरू झाली. आपल्या आजच्या भाषेत सांगायचं तर एका गटात टाकलेला निरोप दुसऱ्या गटात गेला. देणगीदारांना खूश करायला लिहिलेलं वाक्य पालकांनी वाचलं की काय होतं, त्याचा हा जुना नमुना.

१८९० च्या नोव्हेंबरात सदन मुंबईहून पुण्याला हलवलं, कारण तिथं खर्च कमी. पण पुण्याची हवा त्या वेळी फार तापलेली होती. त्याच सुमारास पुण्यातली बडी मंडळी पंचहौद मिशनमध्ये एका समारंभाला गेली होती. तिथं त्यांच्यापुढं मिशनऱ्यांनी चहा-बिस्किटं ठेवली. कुणी घेतली, कुणी नुसती हातात धरली. ती नावं वर्तमानपत्रात छापून आली आणि चहाचं प्रकरण धर्मपीठापर्यंत गेलं. चहा घेणाऱ्यांत रानडे होते, टिळकही होते. शेवटी १८९२ साली रानड्यांनी प्रायश्चित्त घेतलं. हायकोर्टाचा न्यायाधीश होण्याच्या उंबरठ्यावरचा माणूस, पण चहाच्या एका पेल्यापुढं नमला. मग विधवांच्या शाळेतल्या प्रार्थनेचं काय होणार, तुम्हीच बघा. संमतिवयाचा कायदाही १८९१ चाच. मुलीचं वय दहाचं बारा करायचं एवढंच त्यात होतं, पण त्यावरून सुधारक आणि सनातनी यांच्यात उभा दावा पडला होता.

१८९३ साली सगळं फुटलं. मुली रमाबाईंबरोबर प्रार्थनेला बसतात, काही मुली ख्रिस्ती होण्याच्या वाटेवर आहेत, हे उघड बोललं जाऊ लागलं. 'केसरी'नं पालकांना आपल्या मुली काढून न्या म्हणून सांगितलं. आणि ऑगस्ट महिन्यात रानडे, भांडारकर आणि त्यांच्या सोबत्यांनी असोसिएशनला पत्र लिहून सल्लागारपद सोडलं. त्यांचा मुद्दा असा की मुलींना पालकांच्या परवानगीशिवाय प्रार्थनेला बसू दिलं जातं, आणि संस्थेनं जे वचन दिलं त्याला हे धरून नाही.

पुढच्या थोड्या दिवसांत वीस-पंचवीस मुली सदनातून नेल्या गेल्या.

हा आकडा लहान वाटेल. पण एकेक मुलगी आणायला किती ओळखी, किती पत्रं, किती विनवण्या लागल्या होत्या ते वर सांगितलंच. आणायला चार वर्षं लागली, न्यायला काही आठवडे पुरले. शिवाय दारातून गेलेल्या मुलीबरोबर तिच्या मागून येऊ शकणाऱ्या मुलीही गेल्या. तिची चुलत बहीण, शेजारची विधवा, मामाच्या गावची पोर, या सगळ्यांची वाट तिथंच खुंटली.

या प्रकरणावर रानडे काय म्हणाले, टिळकांनी काय लिहिलं, रमाबाईंनी काय उत्तर दिलं, ते सगळं छापलेलं मिळतं. ज्या मुलींना नेलं त्यांना जायचं होतं का, हे मात्र कुणी विचारून लिहून ठेवलेलं नाही. काहींना आपला धर्म टिकला म्हणून बरं वाटलं असेल, काही परत आलवण नेसताना रडल्या असतील. पुस्तक हातात धरलेल्या पोरीला पुन्हा मोरीवर बसवलं, एवढं तर नक्कीच घडलं असणार.

मला विचाराल तर या भांडणात कुणीच पुरतं खोटं नव्हतं. रमाबाईंनी जबरदस्ती केली असा पुरावा नाही. बॉस्टनहून असोसिएशनच्या कार्यकारी समितीच्या प्रमुख, जुडिथ अँड्र्यूज बाई, स्वतः पुण्यात येऊन गेल्या, त्यांनी पाहिलं, आणि मंडळी रमाबाईंच्या पाठीशी उभी राहिली. पण अज्ञान मुलीच्या बाबतीत घरच्यांना विचारायला हवं, हे रानड्यांचं म्हणणंही उडवून लावण्यासारखं नव्हतं. आणि रमाबाईंच्या मनात मुली आपल्या वाटेनं याव्यात अशी इच्छा होती, हेही खरं. पुढं १८९५ साली सदनातल्या बारा मुलींनी बाप्तिस्मा घेतला, तेव्हा त्यांना आनंदच झाला. घोळ झाला तो वचनाच्या शब्दांत. "धर्मात हात घालणार नाही" म्हणजे नेमकं काय, हे पहिल्याच दिवशी समोरासमोर बसून कुणी ठरवलं नव्हतं. आपल्याकडे ऊसतोडीला जाणाऱ्यांच्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहं सुरू होतात, कॉलेजच्या मुलींची शिबिरं निघतात, तेव्हा मी गटातल्या बायांना सांगते की सकाळी उठल्यापासून रात्री झोपेपर्यंत मुली काय करणार, भेटायला कोण येणार, पैसा कुणाचा, हे आधी विचारून घ्या. अफवा उठल्यावर विचारण्यापेक्षा ते बरं.

सदन बंद पडलं का? नाही. पण तिथं येणाऱ्या मुली बदलल्या, आणि या साऱ्या इतिहासातली हीच बाजू मला सगळ्यात जास्त विचार करायला लावते.

१८९६-९७ साली मध्य प्रांतात दुष्काळ पडला. रमाबाईंनी लहानपणी स्वतः दुष्काळात आई-बाप गमावले होते. त्या तिकडं गेल्या आणि सुमारे तीनशे मुली, बाया घेऊन आल्या. हाडांचे सापळे झालेल्या, अंगावर धड कपडा नाही अशा. पुण्यात तेव्हाच प्लेगही आला होता, तिथं एवढ्या लोकांना ठेवणं शक्य नव्हतं. दौंडजवळ केडगावला रमाबाईंनी जमीन घेऊन ठेवली होती, तिथं वस्ती उभी राहिली. तेच मुक्ती सदन. १९०० साली गुजरातेत दुष्काळ पडला तेव्हा आणखी आल्या. माणसांचा आकडा दोन हजारांच्या घरात गेला. बाया विहिरी, शेती, गाई-म्हशी, माग, तेलघाणा, छापखाना सगळं चालवू लागल्या.

१८९३ साली पंचवीस मुली गेल्या आणि सात वर्षांत दोन हजार आल्या. मग बदनामीनं काहीच बिघडलं नाही म्हणायचं का? नीट बघा. गेलेल्या मुलींना बाप होता, भाऊ होता, सासरा होता. चांगलं-वाईट नाव त्या माणसांना कळत होतं, आणि दारात गाडी आणणारेही तेच होते. दुष्काळात आलेल्या मुलींच्या मागं कुणीच उरलं नव्हतं. 'केसरी'त काय छापून आलं याच्याशी त्यांना देणं-घेणं नव्हतं. त्यांना भाकरी हवी होती. ज्याच्याकडे दुसरी वाट असते, तो नाव बघून संस्था निवडतो. ज्याला वाट नाही, तो दार उघडं आहे का तेवढंच बघतो. घरंदाज हिंदू घरातली विधवा शिकवण्यासाठी काढलेली संस्था निराधारांची झाली, आणि उघडपणे ख्रिस्ती झाली. ज्यांच्यासाठी ती मूळ निघाली होती, त्या घरांचं दार तिला जवळजवळ बंदच झालं. पुढं रमाबाईंनी आपल्या बीडसारख्याच निजामाच्या राज्यात असलेल्या गुलबर्ग्याला शाळा काढली, मनोरमाबाईंनी ती चालवली, तीही ख्रिस्ती शाळा म्हणूनच.

मग त्या घरांतल्या विधवा कुठं गेल्या? आता कर्व्यांकडे येऊ.

कर्व्यांची पहिली बायको १८९१ साली वारली. ते पुण्याला फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवू लागले होते. दुसरं लग्न करीन तर विधवेशीच, असं त्यांनी ठरवलं आणि ११ मार्च १८९३ रोजी गोदूबाईंशी लग्न केलं. शारदा सदन उघडलं तीच तारीख, चार वर्षांनी. आणि सदनावर वादळ आलं त्याच्या पाच महिने आधी. गोदूबाईंच्या आनंदीबाई झाल्या. घरात सगळे बाया म्हणत. या लग्नावरही गदारोळ झाला. कर्व्यांच्या मुरुड गावानं त्यांच्यावर बहिष्कार टाकला, म्हाताऱ्या आईलाही त्याची झळ लागली.

म्हणजे बदनामी काय असते ते कर्व्यांना घरातून कळलं होतं, आणि मुलींची शाळा बदनामीनं कशी ओस पडते तेही त्यांनी शेजारून पाहिलं होतं. १८९६ साली त्यांनी अनाथ बालिकाश्रमाची मंडळी काढली. पदरचे हजार रुपये घातले. अध्यक्ष कोण? तेच डॉ. भांडारकर. १८९९ साली आश्रम सुरू झाला आणि १९०० साली पुण्याबाहेर हिंगण्याला गेला, जिथं गणेश गोविंद गोखले यांनी जमीन दिली होती. सुरुवातीला नुसती झोपडी.

कर्व्यांनी एक गोष्ट फार काटेकोरपणे केली. स्वतः पुनर्विवाह केलेला, पुनर्विवाहाची चळवळ चालवलेला हा माणूस. पण आश्रमात पुनर्विवाहाचा प्रचार करायचा नाही, असं त्यांनी ठरवलं. इथं फक्त शिक्षण. पालकांना भीती वाटू नये म्हणून. पुनर्विवाहाच्या मंडळींचं कामही त्यांनी यासाठी बाजूला ठेवलं. काही सुधारकांना तो भित्रेपणा वाटला. पण मुली आल्या. आधी चार-दोन, मग वाढत गेल्या. १९०७ साली महिला विद्यालय, १९१६ साली बायकांचं विद्यापीठ. आज आपण ज्याला एसएनडीटी म्हणतो, ते हेच.

या काटेकोरपणाची किंमत घरात कुणी मोजली, ते मात्र आपण बायांनी विसरू नये. आनंदीबाई पुनर्विवाहित. त्या आश्रमात वावरल्या तर लोक म्हणणार, इथं आणून विधवांची लग्नं लावतात. म्हणून नवऱ्यानं उभ्या केलेल्या विधवांच्या घरात त्यांना अंतर राखूनच वागावं लागलं. शारदा सदनातली ही पहिली विधवा विद्यार्थिनी. त्यांनी म्हातारपणी आपली हकीकत 'माझे पुराण' म्हणून सांगितली आहे. कुणाच्या लेकीला वाचनालयातून आणता आलं तर गटात मोठ्यानं वाचा.

त्यांचीच धाकटी बहीण पार्वतीबाई आठवले. विशीत विधवा झाली, पदरी एक मुलगा. ती आश्रमात शिकली आणि मग आश्रमासाठी वर्गणी गोळा करत गावोगाव फिरू लागली. बहिणीनं पुनर्विवाह केलेला, आणि हिनं मात्र डोईवर पदर, केस काढलेले, असा जुन्या वळणाचा वेष कितीतरी वर्षं ठेवला. सनातनी घराच्या ओसरीवर ती जाऊन बसली की घरातली म्हातारी माणसं बोलायला तयार होत. ही आपल्यातली आहे, असं त्यांना वाटे. मग ती विचारी, तुमच्या घरातली ती पोर काय करते दिवसभर? तिला पाठवता का हिंगण्याला? आश्रमाचं नाव पुरेसं रुजल्यावर, १९१२ च्या सुमारास, पार्वतीबाईंनी केस वाढवले. पुढं ही बाई अमेरिकेलासुद्धा जाऊन आली.